नलिकेत कोंडलेला कर्करोग भिंत ओलांडतो तेव्हा जोर कोणाचा असतो?

गडहिंग्लज भागातील एका भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आक्कांना, वय 52, डाव्या स्तनात गाठ लागली. कोणाच्या तरी सांगण्यावरून दोन महिने ती तेल लावून चोळली गेली. मग कोल्हापुरात मॅमोग्राफी आणि सुईची बायोप्सी झाली आणि रिपोर्टात ‘डीसीआयएस, हाय ग्रेड, कोमेडो नेक्रोसिससह, या नमुन्यात इनव्हेजन दिसत नाही’ असे आले. डीसीआयएस म्हणजे दुग्धनलिकेतच कोंडलेला कर्करोग, हाय ग्रेड म्हणजे पेशी अधिक बिघडलेल्या, आणि इनव्हेजन म्हणजे पेशींनी नलिकेची भिंत ओलांडून बाहेर पडणे. पेशींवर दाब पडला की कर्करोग पसरू लागतो, असे या भगिनींच्या वाचनात आले आहे. त्यामुळे चोळण्याने, यंत्राच्या दाबाने किंवा सुईने गाठ ‘फुटली’ असेल का, ही पहिली भीती आहे. रोग जागच्या जागी आहे असे डॉक्टरच म्हणत असतील तर ऑपरेशन लवकर करा असा आग्रह कशासाठी, हा दुसरा प्रश्न आहे.

आपण जे वाचले ते खोटे नाही. घोटाळा आहे तो ‘दाब’ या एका शब्दाचा, कारण तो दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. नलिकेत कोंडलेल्या पेशी भिंत ओलांडतात तेव्हा जोर कोणाचा असतो, बाहेरून दाबणाऱ्या हाताचा की त्या पेशींचा स्वतःचा आणि शेजारच्या ऊतींचा, हे एकदा नीट समजले की आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात. मी गेली चोवीस वर्षे कोल्हापुरात हिस्टोपॅथॉलॉजीचे, म्हणजे ऊतींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करण्याचे काम करते, त्यामुळे माझे उत्तर सूक्ष्मदर्शकाच्या बाजूने येईल. उपचार ठरवणे हे सर्जन आणि ऑन्कॉलॉजिस्ट यांचे काम आहे. शिवाय गाठीचा आकार, रोग किती ठिकाणी आहे, हार्मोन रिसेप्टरचा (पेशींवर हार्मोनचा परिणाम होतो का, हे सांगणाऱ्या तपासणीचा) निकाल काय आला, यावर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात आणि ही माहिती आपल्या प्रश्नात आलेली नाही.

दुग्धनलिकेचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली बांगडीसारखा दिसतो. मधे पोकळी, तिच्याभोवती दूध स्रवणाऱ्या बाजूच्या पेशींचा एक थर, त्याच्या बाहेर मायोएपिथेलियल पेशींचा दुसरा, चपटा थर. या दुसऱ्या थरातील पेशी स्नायूंसारख्या आकुंचन पावतात. बाळ पिऊ लागले की याच पेशी नलिका आवळून दूध पुढे ढकलतात. त्यांच्याही बाहेर एक अतिशय पातळ पडदा असतो, त्याला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. येथे सोयीसाठी त्याला तळपडदा म्हणते. लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचे कोलॅजेन यांची ती विणलेली जाळी आहे. जाळीची छिद्रे इतकी बारीक असतात की त्यांतून पोषक द्रव्ये जातात, पण पेशी जात नाही. पडद्यापलीकडे चरबी, कोलॅजेनचे धागे, रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या असतात. डीसीआयएस म्हणजे कर्करोगाच्या पेशी निर्माण झाल्या आहेत, परंतु त्या तळपडद्याच्या आतच आहेत. नलिकेच्या आत ना रक्तवाहिनी असते ना लसिकावाहिनी, त्यामुळे तेथून शरीरात इतरत्र जाण्याचा रस्ताच उपलब्ध नसतो. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

आता आक्कांच्या रिपोर्टातील ‘कोमेडो नेक्रोसिस’ या शब्दांकडे पाहू. नलिकेत पेशी वाढत राहिल्या की पोकळी भरून जाते. रक्त बाहेरूनच मिळणार, म्हणजे प्राणवायू पडद्यातून पाझरत आत यायचा, आणि तो मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागापलीकडे पुरेसा पोहोचत नाही. मग मधल्या पेशी मरतात आणि त्यांचा लगदा साचतो. त्यात कॅल्शियम बसले की मॅमोग्राफीत बारीक पांढरे ठिपके दिसतात. काढलेला स्तन कापून टेबलावर ठेवला आणि कापलेल्या बाजूला बोटाने हलके दाबले तर अशा नलिकांच्या तोंडांतून पिवळसर लगद्याचे बारीक धागे बाहेर येतात. मुरूम पिळल्यावर जे येते तसेच ते दिसते, आणि कोमेडो हे नावही त्यावरूनच पडले आहे. पेशींची दाटी किती झाली असेल याची कल्पना मला कोणत्याही आकड्यापेक्षा त्या धाग्यांवरून अधिक येते.

या दाटीचा पेशीवर काय परिणाम होतो, हे गेल्या काही वर्षांत बरेच स्पष्ट झाले आहे. पेशीतला सर्वांत टणक भाग म्हणजे तिचे केंद्रक. गर्दीत पेशी चेपली की केंद्रकही चेपते आणि त्याचे आवरण जागोजागी उसवते. पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये मॅथ्यू पिएल यांच्या गटाने 2021 साली दाखवले की असे आवरण उसवल्यावर ट्रेक्स-1 नावाचे एंझाइम, ज्याचे काम एरवी केंद्रकाबाहेर असते, ते आत शिरते आणि डीएनएला इजा करते. त्या इजेमुळे पेशी मरण्याऐवजी अधिक आक्रमक वागू लागतात. उंदरांमध्ये हे एंझाइम काढून टाकले तेव्हा नलिकेतून बाहेर पडणे कमी झाले. याचा अर्थ, दाटी केवळ पेशींना ढकलत नाही, तर ढकलल्या जाणाऱ्या पेशीचा स्वभावही बदलते. माझ्या मते या विषयातील ही सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

दुसरा जोर पडद्याच्या बाहेरून येतो आणि तो म्हणजे ऊतींचा कडकपणा. आपल्याला हाताला लागते ती ‘गाठ’ मुख्यतः याच कडकपणामुळे लागते. अमेरिकेतील व्हॅलरी वीव्हर यांच्या गटाने 2005 साली उंदरांच्या स्तनांत मोजले तेव्हा निरोगी ऊती सुमारे 170 पास्कल (ताठपणा मोजण्याचे एकक) आणि कर्करोगाची गाठ सुमारे 4,000 पास्कल इतकी ताठ निघाली, म्हणजे वीस पटींहून अधिक फरक. ग्रॉसिंग करताना, म्हणजे नमुना कापून त्याचे तुकडे निवडताना, हा फरक सुरीच्या धारेला कळतो: निरोगी स्तन लोण्यासारखा कापला जातो आणि कडक गाठ कच्च्या पेरूसारखी करकरते. त्याच गटाने साध्या स्तनपेशी मऊ आणि कडक जेलमध्ये वाढवून पाहिल्या. मऊ जेलमध्ये त्या गोल, पोकळ, शिस्तीच्या रचना करत; कडक जेलमध्ये त्याच पेशींची शिस्त मोडे. पेशी तीच, जीन्स तीच, केवळ अंथरूण कडक. पेशी आपल्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी बाहेरचे धागे धरून सतत ओढून पाहत असते. ओढल्यावर समोरून जितका प्रतिकार होतो, तितकी ती स्वतः अधिक ताणली जाते, आणि तो ताण ‘वाढ, हल’ अशा संदेशांत बदलतो.

हा कडकपणा येतो कोठून, हे कोल्हापूरकरांना समजावणे सोपे आहे. जनावराच्या कातड्यात जे कोलॅजेन असते तेच, म्हणजे पहिल्या प्रकारचे, स्तनाच्या ऊतींतही असते. कातडे तसेच ठेवले तर सडते. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवले की कोलॅजेनचे धागे एकमेकांना बांधले जातात आणि चपलेच्या तळव्याचे घट्ट चामडे तयार होते. गाठीभोवती हेच शरीराच्या आत, दुसऱ्या रसायनाने घडते. लायसिल ऑक्सिडेज नावाचे एंझाइम कोलॅजेनच्या धाग्यांत आडवे टाके घालते आणि भोवतालच्या ऊती कमावल्यासारख्या होतात. 2009 साली उंदरांत हे टाके घालणे थांबवले तेव्हा ऊती मऊ राहिल्या आणि रोगाची वाटचालही मंदावली. तुलना येथेच थांबते, कारण चामडे मृत असते आणि स्तनातील कोलॅजेनला पेशी रोज ओढत, तोडत, नव्याने विणत असतात.

या विणकामाची दिशाही महत्त्वाची आहे. विस्कॉन्सिनमध्ये पॅट्रिशिया कीली यांच्या गटाने 2006 साली दाखवले की सुरुवातीला कोलॅजेनचे धागे गाठीभोवती वेढा घातल्यासारखे, तिच्या कडेला समांतर असतात. नंतर काही ठिकाणी तेच धागे कडेला काटकोनात, सरळ बाहेरच्या दिशेने उभे राहतात. पेशी अशा ताणलेल्या धाग्यांवरून रुळांवरून गेल्यासारख्या बाहेर सरकतात. स्त्रियांच्या गाठींतही असे काटकोनी धागे असतील तर पुढची वाटचाल अधिक वाईट असते, हे 2011 च्या अभ्यासात आढळले.

मग प्रत्यक्ष पडदा फाटतो कसा? बहुतेकांच्या मनात चित्र असते ते राधानगरी धरणाचे: आत पाणी वाढत गेले, ठरावीक पातळी गाठली की त्या दाबानेच स्वयंचलित दरवाजे उघडले. कर्करोगाचा भाग आतून दाटला, दाब वाढला, भिंत फुटली, असे आपणही धरून चालला आहात असे प्रश्नावरून वाटते. त्यात अर्धे सत्य आहे. स्टॅनफर्डमधील ओविजित चौधुरी यांच्या गटाने स्तनाच्या पेशींचे पुंजके आणि त्यांच्याभोवतीचा खरा तळपडदा घेऊन पाहिले. पुंजक्यातील पेशींचे आकारमान वाढते आणि फुगा फुगावा तसा पडदा सर्व बाजूंनी ताणला जातो. हे धरणासारखे झाले. पण त्याच वेळी काही पेशी पडद्याला जागोजागी घट्ट धरून स्वतःकडे ओढतात. आधीच ताणलेल्या कापडाला चिमटीने ओढले की ते जेथे फाटावे तेथे पडदा फाटतो. ढकलणे आणि ओढणे या दोन्ही गोष्टी लागतात. एंझाइमने पडदा विरघळवणे हा जुना, पुस्तकांतील मार्गही आहेच. पण केवळ तोच नाही. एमआयटीतील मिंग गुओ यांच्या गटाने 2020 साली आणखी एक गोष्ट दाखवली: पुंजक्याच्या गाभ्यातील पेशी आकसलेल्या आणि ताठ असतात, तर कडेच्या पेशी पाणी शोषून फुगलेल्या आणि मऊ असतात, आणि बाहेर पडतात त्या या मऊ पेशी. ऊती कडक आणि त्यांतून वाट काढणारी पेशी मात्र मऊ, हा उलटा हिशेब विद्यार्थ्यांना नेहमी गोंधळात टाकतो. अरुंद फटीतून जायचे असेल तर अंग चोरता आले पाहिजे, एवढेच त्याचे कारण.

या सगळ्याला विरोध करणारे जे बळ आहे ते मायोएपिथेलियल पेशींचे. त्या नलिकेला बाहेरून आवळून धरतात, तळपडद्याची दुरुस्ती करतात, आणि बाहेर पडू पाहणाऱ्या पेशीला परत आत ओढतानाही प्रयोगांत दिसल्या आहेत. म्हणूनच आमच्या रोजच्या कामात सर्वांत मोलाचा पुरावा या पेशींचा असतो. पी-63 हा रंग दिला की त्यांची केंद्रके तपकिरी होतात आणि नलिकेच्या कडेने तपकिरी मण्यांची माळ ओवल्यासारखी दिसते. लहान नलिकेत मणी जवळजवळ असतात. आक्कांसारख्या हाय ग्रेड रोगात नलिका फुगून मोठी झाल्यावर मणी दूर दूर जातात, मधे मोकळ्या जागा पडतात, पण माळ असते. जेथे पेशींचा पुंजका आहे आणि त्याला माळच नाही, तेथे आम्ही इनव्हेजन म्हणतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा चुकले होते. तंतुमय ऊतींनी चेपून वेडीवाकडी झालेल्या लहान नलिकांत डीसीआयएस पसरला होता आणि साध्या रंगाच्या स्लाइडवर तो हुबेहूब इनव्हेजनसारखा दिसत होता. तसा रिपोर्ट मी लिहूनही टाकला होता. सही करण्यापूर्वी वरिष्ठांनी पी-63 मागवला आणि प्रत्येक पुंजक्याभोवती माळ निघाली. तेव्हापासून शंका आली की मी आधी रंग मागवते आणि मग वाक्य लिहिते.

आतापर्यंतचा हिशेब असा: आतली दाटी, बाहेरचा कडकपणा, पेशींची स्वतःची ओढ आणि माळ धरून ठेवणाऱ्या पेशी, या चौघांची ओढाताण महिनोन्‌महिने, अनेकदा वर्षे चालते. आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येते.

मॅमोग्राफीत स्तनावर साधारण 100 न्यूटन किंवा थोडा अधिक जोर दिला जातो, म्हणजे दहा किलोचे पोते ठेवल्याइतका. आकडा लहान नाही, आणि गाठीतील दाबापेक्षा तो कमी आहे असे सांगून मी आपली समजूत काढणार नाही. फरक वेळेचा आणि जागेचा आहे. यंत्राचा दाब काही सेकंदांचा असतो आणि तो संपूर्ण स्तनावर पसरलेला असतो. पेशीचे वर्तन बदलते ते सतत टिकणाऱ्या दाबामुळे आणि एकाच जागी होणाऱ्या ओढीमुळे. आपल्या वाचनात आला असेल असा एक प्रसिद्ध प्रयोग 2012 चा आहे. त्यात आधीच आक्रमक असलेल्या कर्करोगाच्या पेशींवर काही तास सलग दाब ठेवला, तेव्हा त्या जोमाने सरकू लागल्या; साध्या स्तनपेशींत तसे घडले नाही. ‘काही तास सलग’ आणि ‘आधीच आक्रमक’ हे दोन तपशील बातमी होताना गळून पडतात. शिवाय नलिकेत रक्तवाहिनी आणि लसिकावाहिनी नसते, हे वर सांगितलेच आहे. दाबून पेशी हलल्या तरी त्या नलिकेतच हलणार. 1960 च्या दशकापासून लाखो स्त्रियांची मॅमोग्राफी झाली आहे आणि यंत्राच्या दाबाने रोग पसरल्याचा पुरावा त्यातून निघालेला नाही.

सुईची गोष्ट थोडी निराळी आहे. सुईच्या मार्गात काही पेशी नलिकेबाहेर ओढल्या जातात, हे आम्ही स्लाइडवर प्रत्यक्ष पाहतो. मात्र त्या रक्तस्राव आणि जखम भरण्याच्या खुणांत, सुईच्या रेषेत पडलेल्या असतात, त्यामुळे सहसा ओळखू येतात. बायोप्सी आणि ऑपरेशन यांच्यात जितके अधिक दिवस जातात तितक्या त्या कमी सापडतात, याचा अर्थ बहुतेक जगत नाहीत. बाहेर पडलेली पेशी आणि बाहेर पडून तग धरू शकणारी पेशी यांत फार अंतर असते. बायोप्सी केली नसती तर निदानच झाले नसते, हेही ध्यानात घ्यावे. चोळण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: त्याने गाठ फुटून रोग पसरला असे मानण्यास आधार नाही, पण त्यात दोन महिने गेले. ज्यांनी चोळले त्यांना आता घरात बोल लावू नयेत. पुढे मात्र गाठ चोळू नये.

दुसरा प्रश्न, घाईचा. ‘या नमुन्यात इनव्हेजन दिसत नाही’ या वाक्यातील ‘या नमुन्यात’ हे शब्द आम्ही जाणूनबुजून लिहितो. सुईने आलेले ऊतींचे चार-पाच धागे म्हणजे गाठीचा लहानसा भाग. अनेक अभ्यास एकत्र पाहिले असता, सुईच्या बायोप्सीत केवळ डीसीआयएस दिसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे चौघींत एकीच्या बाबतीत संपूर्ण गाठ काढून तपासल्यावर कोठे ना कोठे इनव्हेजन सापडते. हाताला लागणारी गाठ आणि हाय ग्रेड या दोन्ही गोष्टी ती शक्यता वाढवतात, आणि आक्कांच्या बाबतीत दोन्ही आहेत. गाठ हाताला लागते याचाच अर्थ भोवतालच्या ऊती कडक झाल्या असण्याची शक्यता आहे, आणि कडकपणाचे महत्त्व वर आलेच आहे. डीसीआयएसवर ऑपरेशनऐवजी केवळ लक्ष ठेवता येईल का, हे पाहणारा अमेरिकेतील कॉमेट हा अभ्यास 2024 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत लक्ष ठेवलेल्या गटात 4.2 टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात 5.9 टक्के स्त्रियांना इनव्हेसिव्ह कर्करोग आढळला, म्हणजे लक्ष ठेवणे मागे पडले नाही. कोणी हा अभ्यास दाखवून आक्कांना थांबायला सांगितले तर त्यांना सांगावे की त्यात फक्त लो आणि इंटरमीजिएट ग्रेडचा, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह रोग घेतला होता. हाय ग्रेड त्यात नव्हता. घाई म्हणजे उद्याच्या उद्या असे मात्र नाही. दुसरे मत घेण्यास, ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतींचे तुकडे) आणि स्लाइड दुसरीकडे दाखवण्यास एक-दोन आठवडे गेले तर बिघडत नाही.

पेशींवरील जोर मोजून ‘हा रोग बाहेर पडेल, हा पडणार नाही’ असे सांगणारी तपासणी आज आमच्या हातात नाही. सोनोग्राफीतील इलास्टोग्राफी गाठीचा कडकपणा दाखवते आणि गाठ संशयास्पद आहे का, हे ठरवण्यास तिचा उपयोग होतो. परंतु पडदा फाटला आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही. ते आजही स्लाइडवरच कळते, आणि स्लाइड चांगली येणे बऱ्याच अंशी ऑपरेशनच्या दिवशी काय होते यावर ठरते.

म्हणून सर्जनना आधीच विचारून ठेवावे अशा काही गोष्टी सांगते. काढलेला भाग वर-खाली, आत-बाहेर कसा होता हे दाखवणारे टाके त्याला घातलेले असावेत, म्हणजे कोणती कड मोकळी, म्हणजे रोगाविना, आहे हे मला सांगता येते. स्तन वाचवून पुढे रेडिएशन द्यायचे असेल तर डीसीआयएसमध्ये 2 मिलिमीटरची मोकळी कड पुरेशी मानतात. भाग निघाल्यापासून तासाभराच्या आत तो भरपूर फॉर्मालिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रवात) गेला पाहिजे आणि डबा रुंद तोंडाचा हवा. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयातून, ज्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही, एक स्तन सलाईनमध्ये रात्रभर ठेवून सकाळी माझ्याकडे पाठवला गेला. पेशी सुजून विरल्या होत्या, पी-63 ने कोठेच धड रंग घेतला नाही, आणि ज्या एका जागी मला माळ आहे की नाही हे पाहायचे होते तेथे शेवटपर्यंत काही सांगता आले नाही. ऑपरेशननंतर आपल्या हातात पहिला रिपोर्ट येईल तेव्हा त्यात इनव्हेजन ‘आहे’, ‘नाही’ की ‘मायक्रोइनव्हेजन’, म्हणजे 1 मिलिमीटरपर्यंतचे, असे लिहिले आहे ते पाहावे, आणि शंकेच्या जागी मायोएपिथेलियल पेशींचा रंग केला का, हे विचारावे. केला नसेल तर ब्लॉक जपून ठेवलेले असतात. त्यांवर तो नंतरही करता येतो.